फायटरची शेपटी झडतेय? निळ्या बाटलीआधी पाणी बघा

भाऊ, तुमचा निळा हाफमून, म्हणजे अर्धचंद्रासारख्या मोठ्या शेपटीचा फायटर मासा, अजून दाणे खातोय, ही यातली सगळ्यात चांगली बातमी आहे. वाचेल तो. तुम्ही लिहिलंय की मासा तीन लिटरच्या काचेच्या बाऊलमध्ये आहे, फिल्टर नाही, दर रविवारी बाऊल रिकामा करून घासता आणि टाकीचं नवीन पाणी भरता. शेपटीची कड काळी पडून तिच्या चिंध्या व्हायला लागल्या, दुकानदाराने निळं औषध दिलं, आठवडा झाला तरी फरक नाही. भुसावळला मे महिन्यात हे सगळं चाललंय, आणि माझ्या मते अर्धं उत्तर तिथेच आहे.

आधी हा फिन रॉट, म्हणजे पर कुजण्याचा रोगच आहे ना, याची खात्री करा. संध्याकाळी खोलीतला दिवा बंद करून मोबाईलचा टॉर्च बाऊलच्या मागून धरा आणि बाजूने बघा. फिन रॉट असेल तर पराची कड जळलेल्या कागदासारखी दिसते: वेडीवाकडी, काळपट किंवा लालसर, कुठे पांढुरकी, आणि दर दोन-तीन दिवसांनी थोडी आत सरकलेली. एका रात्रीत शेपटीचा गोल लचका गायब झाला असेल आणि कड स्वच्छ असेल, तर मासा स्वतःच शेपटी चावतोय. हाफमूनला शेपटीचं ओझं होतं, त्यात हे बऱ्याचदा दिसतं. पर उभे चिरले असतील तर सजावट तपासा. नायलॉनची जुनी ओढणी प्लास्टिकच्या झाडावरून फिरवा. ती जिथे अडकेल तिथे परही फाटणार. आणि कडेला पातळ, पारदर्शक, बिनरंगी पट्टी दिसली तर घाबरू नका, तो नवीन येणारा पर आहे. पुष्कळ जण तिलाच बुरशी समजून पुन्हा औषध ओततात.

तुमच्या वर्णनावरून हा फिन रॉटच वाटतो. तो करणारे जिवाणू, म्हणजे एरोमोनास, स्युडोमोनास वगैरे, बहुतेक प्रत्येक टाकीत असतातच. धडधाकट माशाचं ते काही बिघडवू शकत नाहीत. माशाच्या अंगावर चिकट थर असतो, तो शाबूत असेल तर जिवाणूंना शिरकाव मिळत नाही. हा थर खराब करणारी पहिली गोष्ट म्हणजे अमोनिया. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, शिवाय उरलेल्या दाण्यांतून तो सतत पाण्यात उतरतो. मोठ्या, जुन्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर वाढलेले उपयोगी जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. तीन लिटरच्या बाऊलमध्ये ही सोय नाही. सोमवारपासून शनिवारपर्यंत अमोनिया चढत जातो, रविवारी एकदम सगळं पाणी बदललं की तापमान आणि पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे ते सांगणारा आकडा) दोन्ही उडी मारतात. माशाला सहा दिवस विष आणि सातव्या दिवशी धक्का.

आता आपल्या भागाचं. विहीर-बोअरचं पाणी आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी जड, म्हणजे क्षारांचं आहे, बादलीला पांढरे थर धरतात ते आपण रोज बघतो. जड पाण्याचा पीएच बहुधा सातच्या वर असतो. पाण्यातल्या अमोनियाचा खरा विषारी भाग पीएच 7 वरून 8 वर गेला की साधारण दहापट होतो, आणि उष्णता वाढली की आणखी वाढतो. म्हणून थंड हवेच्या गावात जो बाऊल कसाबसा चालून जातो, तो भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात चालत नाही. उन्हाळ्यात पाणी उडतंही भराभर. आपण वरून भर घालतो, पण पाणी उडालं तरी क्षार खालीच राहतात, त्यामुळे नुसती भर घालत गेलं की पाणी दर आठवड्याला जड होत जातं. थोडं काढूनच नवीन घालायचं.

कूलरचंही बघा. दुपारी बाऊल कूलरच्या झोतात, रात्री कूलर बंद किंवा लाईट गेलेली; छोट्या बाऊलचं पाणी दिवसात पाच-सहा अंश वरखाली होतं. फायटर मूळचा थायलंडकडचा, तिथल्या भातखाचरांतल्या उथळ, कोमट पाण्यातला. उष्णता त्याला थोडीफार सोसते, पण अशी वरखाली होणारी सोसत नाही. 26 ते 28 अंशांच्या आसपास स्थिर ठेवायचं. तो वर येऊन हवाही घेतो, म्हणून पाण्यावरची हवा कोरडी-थंड नको, वर झाकण हवं, हवेला थोडी फट ठेवून.

उपाय आजच सुरू करा. निळं औषध बंद. ते बहुधा मिथिलिन ब्लू असणार. बुरशीवर आणि अंड्यांसाठी ते कामाचं आहे, फिन रॉटवर कमजोर पडतं, आणि पुढे फिल्टर लावाल तेव्हा त्यातले उपयोगी जिवाणू मारून टाकतं. दहा लिटरचा नवा, साबण न लागलेला प्लास्टिकचा टब घ्या आणि त्यात आठ लिटर पाणी करा. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं, ते थेट ओतू नका. रात्री बादली भरून घरात उघडी ठेवा, दुसऱ्या दिवशी वापरा. तोवर क्लोरीनही बराचसा उडतो. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं आणि ब्लिचिंगचा वास येत असला, तर क्लोरीन घालवणारे थेंब वापराच. मासा एकदम उचलून टाकू नका. अर्धा तास त्याच्या जुन्या पाण्यात थोडं-थोडं नवीन मिसळत रहा, मग सोडा.

मग रोज पाव ते एक तृतीयांश पाणी बदला. तळाची घाण बारीक नळीने ओढून काढा, तापमान हाताने चाचपून जुळवा. फक्त एवढ्यानेच सौम्य फिन रॉट थांबलेला मी अनेकदा पाहिलाय, म्हणून माझा सगळा भर इथे आहे.

जोडीला मीठ. आयोडीनचं बारीक मीठ नको, साधं खडे मीठ घ्या. सुरुवातीला लिटरला एक ग्रॅम, म्हणजे तुमच्या टबाला आठ ग्रॅम. चहाचा सपाट चमचा पाच-सहा ग्रॅमचा धरा. वाटीत विरघळवून दिवसभरात तीन हप्त्यांत घाला. दोन दिवसांनी मासा व्यवस्थित असेल तर लिटरला दोन ग्रॅमपर्यंत जा, त्यापुढे नको, आणि दहा दिवसांच्या आत थांबवा. रोज जेवढं पाणी बदलाल तेवढ्यापुरतंच मीठ परत घाला. इथे बरेच जण चुकतात: दोन लिटर बदलून आठ लिटरचं मीठ टाकतात आणि मासा सुस्त झाला की रोग वाढला म्हणतात. एप्सम सॉल्ट वेगळं असतं, ते पोट फुगल्यावर देतात, इथे नको.

बदामाचं पान जरूर घाला. हा आपल्या अंगणातला, शाळेच्या मैदानातला, रेल्वे क्वार्टर्सच्या रस्त्यावरचा मोठ्या पानांचा बदाम. झाडावरची हिरवी पानं तोडू नका. गळलेली, तांबूस-तपकिरी, कडक वाळलेली घ्या, फवारणी किंवा गटाराच्या जवळची नकोत. धुऊन अर्धं पान या टबाला पुरेल. पाणी चहाच्या रंगाचं होईल, ते चांगलं आहे. त्यातलं टॅनिन पीएच किंचित खाली आणतं आणि जिवाणूंना थोडा आवर घालतं. हळद मात्र कोणी सांगितली तरी टाकू नका. पूड तळाशी बसून पाणीच खराब होतं.

अँटिबायोटिकचा प्रश्न तेव्हाच येतो, जेव्हा कुज पराच्या मुळाशी, अंगाला भिडते, परात लाल रेषा दिसतात किंवा मासा खाणं सोडतो. मेडिकलमधून टेट्रासायक्लिनची कॅप्सूल आणून फोडून टाकायची पद्धत आपल्याकडे आहे, ती करू नका. आपल्या जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम त्या औषधाला धरून ठेवतं, माशाला फारसं काही मिळत नाही आणि जिवाणू मात्र सरावतात. पशुवैद्याला फोटो दाखवून औषध आणि मात्रा ठरवा, आणि मग कोर्स पूर्ण करा.

एक तातडीचं लक्षण लक्षात ठेवा. पाठीवर खोगिरासारखा फिकट पट्टा किंवा तोंडाशी कापसासारखं काही दिसलं आणि एका दिवसात पसरलं, तर तो कॉलम्नेरिस नावाचा जिवाणूंचा रोग असण्याची शक्यता आहे. तो उष्णतेत झपाट्याने वाढतो. तेव्हा थांबून बघू नका, टबावर टेबल फॅन लावून पाणी सावकाश 24-25 अंशांवर आणा. आपल्या कोरड्या हवेत फॅनने पाण्याचं तापमान चांगलं उतरतं. बर्फ टाकला तर एकदम धक्का बसतो.

दाणे दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी दोन-तीन. माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं असं धरून चाला. आठवड्यातून एक दिवस उपास दिला तर उत्तम.

बरा झाल्यावर त्याला त्या बाऊलमध्ये परत टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती. वीस लिटरची टाकी, मंद स्पंज फिल्टर, झाकण आणि खिडकीपासून लांबची जागा एवढं द्या. नव्या फिल्टरमध्ये जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर दर दोन-तीन दिवसांनी पाव पाणी बदला. स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळा, नळाखाली धुतलात तर सगळी मेहनत वाया. बोअरचं पाणी फार जड असेल तर घरच्या आरओचं निम्मं मिसळा, पूर्ण आरओ नको. आणि डिसेंबरच्या आत 50 वॉटचा हीटर घ्या. धुळ्याकडे तर थंडीत पारा एक आकडी होतो, रात्रभर गारठलेल्या पाण्यात हाच रोग परत उठतो.

कड काळी पडायची थांबली आणि पारदर्शक पट्टी दिसू लागली की समजा जमलं. पूर्ण शेपटी यायला काही आठवडे जातील, रंग आणि आकार थोडा वेगळाही येईल. पाच-सहा दिवसांत कुज पुढे सरकलेली दिसली, तर टॉर्च मागून धरून काढलेला फोटो आणि टेस्ट किटवरचा अमोनियाचा आकडा इथेच टाका, पुढचं बघू.