फोन वाजतो, पण उचलता येत नाही

प्रश्न : माझं वय ७१. वाईला एकटीच राहते. मुलाने दिवाळीत माझा बटणांचा फोन बाजूला ठेवला आणि टचचा मोबाइल हातात दिला. तेव्हापासून धास्तीच बसली आहे. फोन वाजतो, मी त्या हिरव्या खुणेवर बोट दाबून दाबून थकते, तोवर वाजायचा थांबतो. कुठे आत शिरले की बाहेर कसं यायचं कळत नाही. काल व्हॉट्सॲपचं चित्रच जागेवरून नाहीसं झालं. नातवाला विचारलं तर तो फोन घेतो, टकाटक काहीतरी करतो आणि ‘झालं, आजी’ म्हणून परत देतो. बडोद्याची बहीण म्हणते, व्हिडिओवर बोलू, चेहरा तरी दिसेल. मलाही फार वाटतं. पण चुकून बोट लागलं आणि बँकेतले पैसे गेले तर? जुना फोनच परत मागू का?
— एक वाचक, वाई

उत्तर : ताई, जुना फोन मागू नका. तुम्ही लिहिलेल्यातली एकही अडचण तुमच्या समजुतीची नाही. फोन तुमच्या हाताला जुळवून न देता तसाच दिला, म्हणून हे होतंय. मी नोकरीभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, आता साताऱ्यात ज्येष्ठांना मोबाइल शिकवते. शाळा चालवलेल्या, हिशेब तोंडपाठ असलेल्या बाया ‘मला काही जमायचं नाही’ म्हणत येतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

आधी बोटाचं बघू. जुन्या फोनचं बटण जोर लावून दाबावं लागे. या काचेला जोर कळतच नाही. बोटातून जी अगदी सूक्ष्म वीज जाते ती तिला कळते. म्हणून नख लावलं तर काही होत नाही, कोरड्या पडलेल्या बोटाला ती कधी कधी दाद देत नाही आणि भांडी घासून ओल्या हाताने धरला तर भलतंच काही उघडतं. हात पुसा, बोटाचा मऊ भाग टेकवा आणि लगेच उचला. बोट तसंच धरून ठेवलं तर फोन समजतो की तुम्हाला ते चित्र हलवायचंय. तुमचं व्हॉट्सॲप बहुधा असंच सरकलं. ते फोनमधून गेलेलं नसावं. मुख्य पडद्यावर खालून वर बोट सरकवा, सगळ्या ॲपची यादी येईल, तिथे सापडेल. चित्रं जागेवरून हलू नयेत म्हणून बहुतेक फोनांत मुख्य पडद्याला कुलूप लावायची सोय असते. नातवाला तेवढं करायला सांगा.

फोन उचलताना त्या हिरव्या खुणेवर दाबायचं नसतं. पुष्कळ फोनांत तिच्यावर बोट टेकवून न उचलता वर सरकवायचं असतं, काहींत बाजूला. नातवाला शेजारच्या खोलीत बसवा आणि तुम्हाला पुन्हा पुन्हा फोन लावायला सांगा. खरा फोन वाजतो तेव्हा घाई होते, जीव घाबरा होतो. खोट्या फोनला घाई नसते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बाहेर येणं. २०१९ साली अँड्रॉइडची, म्हणजे बहुतेक फोन ज्यावर चालतात त्या प्रणालीची, दहावी आवृत्ती आली आणि पडद्याखालची तीन बटणं काढून नुसत्या बोट सरकवण्यावर सगळं चालवायची पद्धत रुळली. तरुणांना आवडली असेल. नवशिक्याला मात्र परतीची वाट दिसतच नाही. ज्येष्ठांचा फोन असा ठेवून देणं मला पटत नाही. ती बटणं परत आणता येतात. सेटिंग्ज उघडून वरच्या शोधायच्या चौकटीत ‘नेव्हिगेशन’ लिहा आणि तीन बटणांचा पर्याय निवडा. मग खाली तीन खुणा कायम दिसतील. मधली खूण कुठूनही मुख्य पडद्यावर आणते. एवढं हाताशी असलं की कुठेही शिरायची भीती राहत नाही. त्याच बैठकीत अक्षर मोठं करून घ्या, भाषा मराठी करा आणि पडदा मालवायची वेळ ३० सेकंदांवर असेल तर दोन मिनिटांवर न्या. आपण वाचत असताना पडदा काळा होतो आणि आपल्याला वाटतं आपणच काहीतरी बिघडवलं.

नातवाशी एकदा स्पष्ट बोला. फोन तुमच्याच हातात राहील, त्याने फक्त तोंडाने सांगायचं. त्याला जड जाईल, कारण त्याची बोटं आपोआप चालतात. पण हातातून फोन गेला की शिकणं थांबतं. एका बैठकीत एकच काम घ्या, आणि तुमची वही काढून ते तुमच्या शब्दांत लिहा. ‘हिरवं चित्र, बहिणीचं नाव, वर कॅमेऱ्याची खूण’ असं लिहिलं तरी पुरे.

पैशांची भीती रास्त आहे, पण नुसतं बोट लागून पैसे जात नाहीत. यूपीआयने, म्हणजे मोबाइलवरून बँकेतले पैसे पाठवताना, सहसा पिन म्हणजे आपला गुप्त आकडा टाकावा लागतो. पैसे यायचे असतील तर पिन कधीच लागत नाही, म्हणून ‘पैसे मिळतील, पिन टाका’ असं कुणी म्हणालं तर फोन बंद करा. तुम्ही तर पैशांचं ॲप आत्ता घेऊच नका. लग्नाची पत्रिका म्हणून फाइल आली आणि नावाच्या शेवटी ‘एपीके’ (apk) दिसलं, तर ती पत्रिका नसून फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल असते, ओळखीच्या नंबरवरून आलेली असली तरी उघडू नका. व्हिडिओवर पोलिसाच्या वेशात कुणी ‘डिजिटल अटक’ केली म्हणून दरडावेल. अशी अटक कायद्यात नाही. तरीही पैसे गेलेच तर लाज धरून बसू नका, तडक १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. हा १९३० नंबर वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहा.

बडोद्याचा पहिला व्हिडिओ कॉल तुम्हीच लावा, दुपारच्या निवांत वेळी. खिडकीकडे तोंड करून बसा आणि फोन डब्याला टेकवून डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. हातात धरला तर तो हळूहळू खाली जातो आणि बहिणीला तुमच्याऐवजी छताचा पंखा दिसत राहतो. आवाज बारीक वाटला तर फोनच्या कडेचं वरचं बटण दाबा.