अडीच महिन्यांच्या लॅब्रॅडॉर पिल्लाला कोणतं कोरडं खाद्य द्यावं? दुकानदार सगळ्यात जास्त प्रोटीनवालं घ्या म्हणतो, सोबत कॅल्शियमचं सिरपही द्यायला सांगतो. खरंच लागतं का?

सिरप घेऊ नका. सहाएक महिन्यांचं होईपर्यंत पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम नीट अडवता येत नाही. पोटात जाईल त्यातलं बरंचसं अंगात शोषलं जातं, आणि लॅबसारख्या मोठ्या जातीत त्यानेच हाडं वेडीवाकडी वाढू शकतात, सांधे बिघडू शकतात. पिल्लांसाठी नीट बनवलेल्या खाद्यात लागेल तेवढं कॅल्शियम असतंच. डॉक्टरांनी तपासून कमतरता सांगितली तर गोष्ट वेगळी.

आता खाद्य. पिशवीच्या पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते सोडा, मागची बाजू वाचा. 'लार्ज ब्रीड पपी' असं स्पष्ट लिहिलेलं घ्या आणि कॅल्शियमचा आकडा शोधा. अमेरिकेतल्या आफ्को या संस्थेच्या निकषांप्रमाणे पिल्लांच्या खाद्यात, पाण्याचा अंश वगळून, किमान 22.5 टक्के प्रोटीन आणि 1.2 टक्के कॅल्शियम हवं. मोठेपणी 32 किलोच्या आसपास किंवा त्यापुढे जाणाऱ्या पिल्लांसाठी कॅल्शियम 1.8 टक्क्यांच्या वर नको. लॅबचा नर सहज तिथवर जातो. पिशवीवरचा आकडा पाण्यासकट असतो, म्हणून थोडा हिशेब करावा लागतो. समजा ओलावा 10 टक्के आणि कॅल्शियम 1.3 टक्के छापलंय, तर 1.3 भागिले 0.9, म्हणजे साधारण 1.44. हे चालेल. आकडाच छापलेला नसेल तर कंपनीला विचारा. जी कंपनी तो सांगत नाही, तिचं खाद्य मी माझ्या कुत्र्यांना घालत नाही.

प्रोटीन 28 टक्के की 32, यावर डोकं शिणवू नका. खरा प्रश्न किती घालायचं हा आहे, कारण लॅबचं पोट भरलं असं कधी वाटतच नाही. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 48 लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाणं आयुष्यभर दिलं. कमी खाणारे कुत्रे साधारण पावणेदोन वर्षं जास्त जगले आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. गुबगुबीत पिल्लू दिसायला गोड असतं, पण ते वजन त्याच्या कोवळ्या सांध्यांवर पडतं. म्हणून दिवसाचं खाद्य वाटीने न घेता स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅममध्ये मोजा. पिशवीवरचा तक्ता फक्त सुरुवातीसाठी. दर आठवड्याला बरगड्यांवरून हलका हात फिरवा: बोटांना बरगड्या लागायला हव्यात, पण नजरेत भरायला नकोत, आणि वरून पाहिल्यावर कंबर दिसली पाहिजे. आत्ता दिवसातून चार वेळा द्या, नंतर तीन, सहा महिन्यांनंतर दोन. बिस्किटं आणि पोळीचे तुकडे याच हिशेबात धरा.

ब्रीडरकडे जे खात होतं ते एकदम बंद करू नका. सात ते दहा दिवसांत नवं थोडं थोडं वाढवत न्या, नाहीतर जुलाब ठरलेले.

आणि उघड्या पोत्यातलं सुटं खाद्य, कितीही स्वस्त मिळालं तरी, नकोच. त्यावर ना तारीख, ना घटक. पावसाळ्यात ते सादळतं, बुरशी धरते, त्यातली चरबी खवट होते. महिन्याभरात संपेल एवढीच बंद पिशवी आणा आणि पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. लॅबला पपी फूड वर्षभर तरी चालू ठेवा, मोठ्यांच्या खाद्यावर कधी न्यायचं ते त्याच्या वाढीकडे बघून डॉक्टरांशी बोलून ठरवा.