ट्रंकेतल्या पत्रांविषयी

सातारा

चि. मुली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेचे तू पाठवलेले छायाचित्र मी दोन-तीनदा न्याहाळून पाहिले. पणजोबांची बसऱ्याकडची, आजोबांची इटलीतली आणि थोरल्या काकांची १९७१ सालची, अशी तीन लढायांतली पत्रे एका घरात निघावीत, यात आपल्या जिल्ह्याला नवल वाटायचे कारण नाही. ज्या अपशिंग्याला लोक अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात, त्या एका गावातली ४६ माणसे पहिल्या महायुद्धात कामी आली. नवल आहे ते एवढ्या पावसाळ्यांतून ही पत्रे टिकली याचे.

या पत्रांचे काय करावे, असे तू विचारले आहेस. पहिली गोष्ट ध्यानात घे, की तुझ्या हाती संभाषणाची एकच बाजू आली आहे. शिपायाची पत्रे घरी आली आणि घराने ती जपली; घरून गेलेली पत्रे मात्र चिखलात, पावसात, मुक्काम हलवताना नाहीशी झाली. ती हरवलेली बाजू शिपायाच्या उत्तरांत दडलेली असते. ‘म्हशीचे लिहिलेत ते समजले, विकण्याची घाई करू नये’ एवढी एक ओळ वाचलीस, तरी तिच्यामागे चारा संपल्याचे, सावकाराने तगादा लावल्याचे आणि घरात कर्ता पुरुष नसल्याचे एक सबंध पत्र उभे असते. म्हणून एक वही कर आणि प्रत्येक पत्रासमोर, घराने काय विचारले असेल, काय कळवले असेल आणि काय लपवले असेल, ते लिहीत जा. माझ्या मते या कामाचा खरा गाभा हाच आहे.

लढाईचे वर्णन फारसे मिळणार नाही, त्याने निराश होऊ नकोस. पत्रे तपासूनच पुढे जात आणि हे शिपायांनाही ठाऊक होते. १९१५ साली फ्रान्समधल्या एका हिंदी शिपायाने काळी मिरी संपत आल्याचे आणि आता लाल मिरी वापरात असल्याचे घरी कळवले होते. काळी मिरी म्हणजे आपली माणसे आणि लाल म्हणजे गोरे. पुढच्या काळात पत्त्यावर गावाचे नावच येईना, नुसते ‘द्वारा ५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’. एपीओ म्हणजे लष्करी टपाल कार्यालय. त्यामुळे पाकिटे फेकू नकोस, त्यांवरच्या शिक्क्यांतली तारीख आणि क्रमांक हाच पुष्कळदा एकमेव पुरावा असतो. पत्रांमधले खंडही टिपून ठेव. मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कुत गावच्या वेढ्यात, ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीपर्यंत, मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ या पलटणी अडकल्या होत्या. पणजोबांची पत्रे त्याच महिन्यांत थांबली असतील, तर त्या शांततेचा अर्थ तुला तिथे शोधावा लागेल.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांच्या बाबतीत विसरून चालत नाही. पत्र लिहिणारा आणि पत्र पाठवणारा एकच असेल, असे धरून चालू नकोस. तिकडे पलटणीतला कोणी लिहिता येणारा सोबती मोडीत लिहून देई आणि इकडे शाळेतले गुरुजी ओट्यावर बसून चारचौघांत वाचून दाखवीत. अशा पत्रात बायकोचे नाव कसे घ्यायचे? आमच्या आजोबांच्या पत्रांत आजीचे नाव एकदाही येत नाही. ‘धाकट्याच्या आईस सांगावे, उन्हाचे रानात जाऊ नये’ एवढेच येते. आजीने ते कार्ड देव्हाऱ्यामागे ठेवले होते आणि त्याच्या एका कडेला तिच्या बोटाचे कुंकू लागले होते. मनिऑर्डरच्या फॉर्मची तळाची चिठ्ठी मिळाली तर तीही पत्रच समज. तिच्यातल्या दोन ओळींच्या जागेत माणसे कधीकधी चार पानांचे बोलून जात.

आता माझ्या हातून घडलेली चूक सांगतो, कारण ती तुझ्या हातून होऊ नये असे मला मनापासून वाटते. तीस वर्षांपूर्वी मी आमच्या घरची पत्रे उतरवून काढली आणि उतरवताना त्यांची भाषा सुधारली. ‘म्या खुशाल हाय’ याचे ‘मी खुशाल आहे’ केले, ऱ्हस्व-दीर्घ नीट केले, दोनदा आलेले वाक्य एकदाच ठेवले. पुढे छत गळून मूळ कागदांचा लगदा झाला आणि माझी शुद्ध वही तेवढी उरली. त्या वहीत आजोबांचा आवाज नाही. तू उतरवशील तेव्हा चूक चुकीसारखी, खोडलेले खोडल्यासारखे आणि न लागलेले अक्षर रिकामे ठेव. मोडीतला मजकूर दोन वेगवेगळ्या जाणकारांकडून वाचून घे. क्रमांक पेन्सिलीने आणि हलक्या हाताने घाल. चिकटपट्टी लावू नकोस, लॅमिनेशन तर मुळीच करू नकोस.

ही पत्रे म्हणजे घरगुती आठवण, बाकीचे इतिहासाच्या पुस्तकात मिळेल, असे कोणी म्हणाले तर त्याला बसऱ्याच्या स्मारकाविषयी सांग. मेसोपोटेमियात पडलेल्या आणि थडगे नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचे ते स्मारक, पण त्यावर हिंदी शिपायांची नावे कोरली गेली नाहीत, पलटणीपुढे फक्त आकडा कोरला गेला. त्या आकड्यातल्या कित्येकांचे नाव, त्यांची म्हैस, त्यांची विहीर, हे सगळे अशाच एखाद्या ट्रंकेत असेल तरच आहे.

छायाचित्रात ट्रंकेच्या तळाशी नाडीने बांधलेली एक खाकी पिशवी दिसते. थोरले काका परत आले नाहीत आणि त्यांचे सामान घरी आले, हे तूच लिहिले आहेस. अशा सामानात घरून गेलेली पत्रे कधीकधी परत येतात आणि तसे असेल तर हरवलेली बाजू तुझ्या घरात गेली पन्नासहून अधिक वर्षे आहे. पण ती पिशवी तू उघडू नकोस. थोरल्या काकूंजवळ जाऊन बस आणि आधी त्यांना विचार. त्यांनी ती स्वतः बांधून ठेवली असेल. त्या नको म्हणाल्या, तर तुझ्या वहीत ‘पिशवी, न उघडलेली’ अशी नोंद कर आणि पणजोबांच्या पत्रांपासून कामाला लाग.

कळावे, लोभ असावा.