आधी दोर सोडायला शिका: शिडाच्या छोट्या नौकेविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न (वाई): धोमच्या जलाशयावर शिडाची छोटी नौका चालवायला शिकायची आहे. पण वारा कधी इकडून, कधी तिकडून. सुरुवात केव्हा आणि कशी करावी?

तुमचा गोंधळ रास्त आहे. पाचगणीचा डोंगर आणि कमळगडाच्या रांगा यांच्यामध्ये सापडलेला वारा सरळ येत नाही, दरीच्या वळणाने येतो. डोंगराच्या आडोशाला तो मरतो आणि खिंडीसमोर आलात की एकदम झोत बसतो. म्हणून पठारावरच्या पवनचक्क्या गरगर फिरताना दिसल्या तरी खाली पाण्यावर तोच वारा असेल असं धरून चालू नका.

आधी अर्धा तास काठावर बसून पाणी बघा. झोत येतो तिथे बारीक लहरी उठून पाणी काळपट दिसतं आणि तो काळा पट्टा सरकत येतो. तो पोचण्याआधीच हातातला, शीड आत ओढायचा दोर थोडा सैल सोडायचा. नौकेवर वाऱ्याची दिशा कळण्यासाठी डोलकाठीच्या ताणदोरांना, म्हणजे तिला उभं धरणाऱ्या दोरांना, वीतभर लोकरीचा धागा बांधा. ताणदोर नसतील तर धागा डोलकाठीलाच बांधा. हे साधन फुकटचं असलं तरी भल्याभल्या यंत्रांपेक्षा उपयोगी.

नवख्याला ५ ते १० नॉट, म्हणजे ताशी ९ ते १८ किलोमीटर वारा पुरे. पानं सतत हलत असतात, हलकं निशाण ताणलेलं असतं, तो हा वारा. पाण्यावर पांढरा फेस दिसू लागला की त्या दिवशी काठावर गाठींचा सराव करावा. आमच्या मते ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा शिकण्याचा काळ. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळिवाचे ढग जमतात आणि पाऊस पडायच्या आधीच वारा सुटतो. गडगडाट ऐकू आला की लगेच काठ गाठा, कारण उघड्या पाण्यावर सगळ्यांत उंच वस्तू तुमची डोलकाठीच असते.

जलसंपदा विभागाची परवानगी आधी घ्या. कोयनेच्या फुगवट्यावर जायचं असेल तर बाजूला अभयारण्य आहे, त्यामुळे वनविभागाकडेही विचारावं लागतं.

प्रश्न (सातारा): वारा येतो त्या बाजूकडे वळताना नौका मध्येच थांबते, शीड फडफडतं आणि आम्ही मागे मागे जातो. काय चुकतं?

ठरलेली चूक आहे. वारा जिकडून येतो त्याच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५-४५ अंशांच्या पट्ट्यात कुठलंच शीड चालत नाही. त्यामुळे वाऱ्याकडे जायचं ते नागमोडी, आणि प्रत्येक वळणावर हा पट्टा आधीच्या वेगाच्या जोरावर ओलांडायचा. वेग नसेल तर मधेच अडकणार.

म्हणून वळण्याआधी नौका शक्य तितकी वाऱ्याकडे तोंड करून, पण पूर्ण वेगात चालवा. शीड आत ओढलेलं हवं. मग सुकाणूचा दांडा शिडाच्या बाजूला सलग, सावकाश ढकला. बहुतेक जण इथेच झटका देतात. सुकाणूचं पातं आडवं होतं आणि पाण्यात ब्रेक लागतो. बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा, डोक्यावरून जाताना वाका, दुसऱ्या बाजूला बसा, सुकाणूचा दांडा मध्यावर आणा. हात बदलायची घाई नको, ते बसल्यावर करा.

अडकलातच तर घाबरू नका: दोन्ही ढकला, मग दोन्ही ओढा. बूम आणि सुकाणूचा दांडा दोन्ही स्वतःपासून दूर, एकाच बाजूला ढकलून धरा. नौका मागे सरकत असल्यामुळे नाळ, म्हणजे नौकेचं पुढचं टोक, आपोआप वाऱ्यापासून बाजूला वळते. ती पुरेशी वळली की दांडा आणि शिडाचा दोर दोन्ही आपल्याकडे ओढा. नौका चालू लागेल.

शीड किती ओढायचं याचंही उत्तर त्या फडफडण्यातच आहे. दोर सोडत जा, शिडाची पुढची कड फडफडू लागेल. मग ती फडफड थांबेल इतकंच ओढा, त्याहून इंचभरही जास्त नको. जास्त ओढलेलं शीड दिसायला झकास दिसतं, पण नौका नुसती कलते, पुढे जात नाही.

प्रश्न (कराड): नौका उलटली तर? मला पोहता येतं, पण फारसं नाही.

उलटणारच. पहिल्याच दिवशी प्रशिक्षकासमोर मुद्दाम उलटवून घ्या. जीवरक्षक जॅकेट घालून, न घाबरता ५० मीटर जाता आलं पाहिजे. तेवढं येत नसेल तर आधी पोहण्याच्या तलावात महिनाभर घालवा. जॅकेट घातल्यावर कुणालातरी खांद्यांजवळ धरून वर ओढायला सांगा. ते कानापर्यंत आलं तर ढिलं आहे.

नौका सोडून काठाकडे पोहायचं नाही, हा एकच नियम मोडू नका. नौका तरंगते आणि लांबून दिसते. शिडाचा दोर मोकळा आहे ना ते पाहा, नाहीतर सरळ झालेली नौका तुम्हाला सोडून निघून जाईल. वळसा घालून नौकेच्या तळाच्या बाजूला या, मधलं उभं पातं, म्हणजे डॅगरबोर्ड, पकडा आणि त्याच्या बुंध्याशी पाय देऊन मागे रेला. टोकावर उभं राहिलात तर पातं मोडू शकतं. नाळ वाऱ्याकडे असेल तर उत्तम. नसेल तर सरळ होताच वारा शिडात शिरून ती पुन्हा लोळते.

मार्चनंतर धरणाचं पाणी उतरतं तेव्हा वेगळी अडचण येते. पाणी डोलकाठीपेक्षा उथळ असेल तर तिचं टोक गाळात रुततं. अशा वेळी पातं दाबत बसू नका, डोलकाठी वाकते. मदतीच्या होडीला बोलवा. ५ लिटरचा रिकामा, घट्ट झाकणाचा कॅन डोलकाठीच्या टोकाला बांधला तर ही वेळ सहसा येत नाही.

प्रश्न (सांगली): आमच्याकडे कृष्णेत वल्ह्यांच्या होड्यांच्या शर्यती होतात. मग शिडाची नौका का नको?

वल्ह्याला वारा लागत नाही, शिडाला लागतो. साधारण हिशेब असा की झाड त्याच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत वारा मोडतं. म्हणजे काठावरचं १५ मीटरचं झाड १५० मीटर. मग नदीच्या पात्रात सलग वारा उरतो किती? त्यात धार आली. सेकंदाला १ मीटर धार म्हणजे जवळपास २ नॉट. छोटी नौका ३ नॉटने ४५ अंशांत नागमोडी चालली तर वाऱ्याकडे प्रत्यक्षात २ नॉटच सरकते. वारा आणि धार एकाच बाजूने आली की जिथे होता तिथेच. आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या जवळपास कुठल्याच होडीने फिरकू नये. खालच्या भोवऱ्यात जॅकेट घातलेला माणूसही अडकतो.

प्रश्न (फलटण): मुलगी १० वर्षांची आहे, तिच्यासाठी जुनी नौका घ्यावी का? मलाही शिकायचं आहे, एकच घेतली तर?

एकच नको. तिच्यासाठी ऑप्टिमिस्ट: जेमतेम २.३ मीटर लांब, ३५ किलो, वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत चालते. तुमच्यासाठी लेझर, आताचं नाव इल्का. लांबी ४.२ मीटर. तुमचं वजन ५५ ते ७० किलो असेल तर ५.७६ चौरस मीटरचं मधलं शीड घ्या, ७.०६ चं मोठं नको.

जुनी लेझर पाहताना डोलकाठी बसते त्या खाचेत पाणी भरा आणि पातळीवर खूण करा. पंधरा मिनिटांत पाणी उतरलं तर तळ गळतो आहे, सौदा सोडा. डोलकाठीभोवतीचा डेक अंगठ्याने दाबा. मऊ लागला तर आत पाणी मुरलंय. शेवटी नौका एका टोकाकडून उचलून हलवा आणि कान द्या. आत पाणी खळखळत असेल तर विक्रेत्याने कितीही शपथा घेतल्या तरी निघून या.