वाचक विचारतात : जाम झालेलं सिलिंडर हेड आणि घरी बनवायचा पुलर

प्रश्न : जुन्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाचं अॅल्युमिनियमचं हेड काढायचं आहे. स्टडवरचे (ब्लॉकमधून वर आलेल्या आटेदार दांड्यांवरचे) दहाही नट निघाले, पण हेड जागचं हलत नाही. पहार लावावी का? की पुलर घरी बनवता येईल?

उत्तर : पहार, छिन्नी, स्क्रूड्रायव्हर यांतलं काहीही हेड आणि ब्लॉकच्या सांध्यात घालू नका. अॅल्युमिनियम मऊ असतं. सांध्याच्या तोंडावर एक खोल ओरखडा पडला की तिथून पाणी किंवा कॉम्प्रेशन गळणारच. शिवाय हेड बहुतेक वेळा तिथे अडकलेलं नसतंच. गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधला सांधा बंद करणारा पातळ थर) चिकटलेलं असलं तरी रबरी हातोड्याच्या टोल्यांनी सहसा सुटतं. खरी पकड स्टडवर असते. पोलादी स्टड, अॅल्युमिनियमचं हेड आणि मध्ये झिरपलेलं पाणी असं जमलं की अॅल्युमिनियम खाल्लं जाऊन पांढरी पूड तयार होते. ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि स्टडभोवतीची बारीक फट हेडच्या जाडीभर ठासून भरते. म्हणून जोर स्टडच्या टोकावर द्यायचा. स्टड खाली दाबायचा आणि त्याच जोराने हेड वर ओढायचं. पुलरचं काम एवढंच.

आधी एकदा नीट पाहा. टायमिंग कव्हरमधून हेडमध्ये जाणारा एखादा लहान बोल्ट, मॅनिफोल्डचा आधार, पाण्याच्या पाइपाची क्लिप यांतलं काही राहिलं असेल तर पुलर हेड फोडेल. पाणी पूर्ण काढून टाका.

पुलर म्हणजे २० मिमी जाडीची साध्या पोलादाची प्लेट, हेडएवढी लांब-रुंद. १० मिमीची प्लेट वाकते, आणि मग कडेचे स्टड सुटतात पण मधले तसेच राहतात. स्टडच्या जागा आखायला नवं हेड गॅस्केट प्लेटवर ठेवा, भोकं आयती मिळतात. वरची बाजू वरच राहू द्या. गॅस्केट उलटं पडलं तर सगळी आखणी आरशातल्यासारखी होते, आणि ते प्लेट बसवतानाच कळतं. प्रत्येक स्टडच्या बरोबर वर १०.२ मिमी ड्रिल मारून एम-१२ चे आटे पाडा. यात बसणारे बोल्ट, म्हणजेच स्टड दाबणारे दाबबोल्ट, ८.८ ग्रेडचे, पूर्ण आट्यांचे घ्या आणि त्यांची टोकं गोलसर घासा.

आता प्लेट हेडला धरायची कशाने, यावर सगळं अवलंबून आहे. रॉकर शाफ्टच्या (व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ज्यावर बसतात त्या दांड्याच्या) आधारांची एम-८ भोकं सगळ्यात चांगली. बोल्ट अॅल्युमिनियममध्ये निदान १६ मिमी जायला हवा. स्पार्क प्लगची भोकं सरळ उभी असतील तर तीही वापरा. तिथे बहुधा एम-१४ चे १.२५ पिचचे (दोन आट्यांत १.२५ मिमी अंतर) आटे असतात, आणि बाजारात १.५ पिचचा बोल्टही सहज मिळतो. तो दोन फेरे बसतो, मग पाना लावला की हेडचे आटे जातात. आधी जुन्या प्लगशी पिच ताडून पाहा. बोल्टची लांबी प्लगच्या आट्यांपेक्षा जास्त नको, नाहीतर तो व्हॉल्व्हला किंवा पिस्टनला टेकेल. प्लग तिरपे असतील तर त्यांचा नाद सोडा. ही धरायची भोकं प्लेटमध्ये २ मिमी मोठी पाडा आणि वर जाड वॉशर घाला, म्हणजे आखणीतली थोडी चूक खपते.

प्रश्न : जोर किती लावायचा? आटे उपटण्याची भीती वाटते.

उत्तर : भीती रास्त आहे, कारण यातली सगळ्यात कमजोर जागा अॅल्युमिनियममधले आटेच. एम-१२ बोल्टला ४० न्यूटन-मीटर दिले तर तो साधारण १६०० ते १७०० किलोचा दाब देतो. असे दहा बोल्ट म्हणजे सोळा टनांच्या वर, आणि तो सगळा भार त्या मोजक्या आट्यांवर येतो. म्हणून २० न्यूटन-मीटरच्या पुढे जाऊ नका. धरायला सहापेक्षा कमी बोल्ट मिळाले तर त्याहूनही खाली थांबा. टॉर्क रेंच (जोर मोजून आवळायचा पाना) नसेल तर हे काम हातात घेऊ नका.

आदल्या रात्री प्रत्येक स्टडभोवती पुट्टीचं लहान आळं करून त्यात गंज सोडवणारं तेल भरा. स्टडचे आटे वाचावेत म्हणून नट परत चढवा. तो स्टडच्या टोकाशी सपाट यावा आणि खाली हेडपासून निदान ५ मिमी मोकळा राहावा. तिथे मोकळीक कमी असेल तर नटाऐवजी टोकावर पितळी टोपी ठेवा. हेड अचानक सुटलं तर नट त्याला अडवतोही.

सगळे दाबबोल्ट बोटांनी टेकवा. मग मधल्यापासून बाहेरच्या दिशेने १० न्यूटन-मीटर, पुढच्या फेरीत १५, मग २०. दर फेरीनंतर बोल्टांच्या डोक्यावर हातोडीने हलके टोले द्या. कंपनाने पूड भुगा होते. नुसत्या जोराने जे होत नाही ते इथे अनेकदा होतं. तरीही हललं नाही तर भार तसाच ठेवून तेल पुसून काढा आणि हेडच्या पाण्याच्या वाटेतून उकळतं पाणी ओता. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. ८० मिमी जाडीचं हेड ८० अंशांनी तापलं की ते स्टडच्या मानाने लांबीत सुमारे ०.०७ मिमी जास्त वाढतं. ऐकायला थोडं वाटतं, पण त्या पुडीची पकड तोडायला पुष्कळ वेळा पुरतं. गॅसची ज्योत लावू नका. अॅल्युमिनियम वितळण्याआधी रंग बदलून इशारा देत नाही, आणि जवळ तेल असेल तर आग लागते.

हेड उचलायला लागलं की फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) चारही कोपऱ्यांची फट मोजा. फरक ०.५ मिमीच्या वर गेला की पुढे असलेली बाजू थांबवा आणि मागे पडलेली उचला. तिरकं झालेलं हेड लांब स्टडवर पाचरीसारखं बसतं, आणि मग जितका जोर द्याल तितकं ते घट्ट होतं. एखादाच स्टड अडवत असेल तर त्यावर दोन नट एकमेकांवर आवळा, खालच्या नटाला पाना लावून स्टडच उलटा फिरवून पाहा. निघाला तर प्रश्न मिटला. पाना स्प्रिंगसारखा लवचीक लागायला लागला तर सोडा, स्टड ब्लॉकमध्येच तुटेल.

प्रश्न : प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये दोरी भरायची आणि इंजिन फिरवून पिस्टननेच हेड उचलायचं, असं सांगतात. ते चालेल का?

उत्तर : गॅस्केट चिकटलेलं असेल तर चालतं, स्टड गंजले असतील तर टाळा. करायचंच असेल तर दोन्ही व्हॉल्व्ह बंद असलेल्या स्ट्रोकवर, मऊ सुती दोरी भरून, तिचं टोक बाहेर ठेवून आणि क्रँक फक्त हाताच्या पान्याने फिरवून करा. स्टार्टर मुळीच नाही. एकाच सिलिंडरवर सगळा भार येतो, हेड त्या बाजूनेच उचलतं, आणि पकड पक्की असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

प्रश्न : इंजिनात वेट लायनर (बाहेरून थेट पाणी लागणाऱ्या सिलिंडरच्या सुट्या नळ्या) आहेत. काही वेगळं करावं लागेल का?

उत्तर : हो. चिकटलेलं गॅस्केट लायनरनाही वर ओढतं आणि त्यांची खालची सील सुटते. फट २ ते ३ मिमी झाली की थांबून आत टॉर्च मारा. लायनर वर येत असेल तर फटीतून लाकडी पट्टीने तो खाली दाबून धरा आणि मगच पुढे उचला. हेड निघाल्याबरोबर स्टडवर नळीचे तुकडे आणि मोठे वॉशर घालून लायनर दाबून ठेवा. तोवर क्रँक अजिबात फिरवू नका. लायनर हललाच असेल तर त्याची सील बदलल्याशिवाय हेड परत बसवू नका.