मथळा पाहिल्याशिवाय होकार देऊ नका

तुम्ही लिहिलंय की तुमचा संशोधनाचा पेपर स्वीकारला गेलाय, प्रयोग उंदरांवरचा आहे आणि विद्यापीठाच्या जनसंपर्क विभागाने पाठवलेल्या प्रसिद्धीपत्रकाच्या मसुद्यात 'उंदीर' हा शब्द पार चौथ्या परिच्छेदात आलाय. वर 'इतके जर-तर घातले तर बातमी कोणी घेणार नाही' असंही ते म्हणतात. वाचून राहवलं नाही, मीही नेमकी इथेच अडकले होते. सोपं लिहा, परिभाषा टाळा वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच, त्यात शिरत नाही.

आमच्याकडे मजकूर मला दाखवला होता. मथळा मात्र नंतर, मला न विचारता बदलला. 'उंदरांमध्ये' गेलं आणि 'उपचार सापडला' आलं. बातम्यांनी तेच उचललं. मग रुग्णांच्या नातेवाइकांचे मेल सुरू झाले: औषध कुठे मिळेल, चाचणीत नाव घालता येईल का. 'असं औषध अजून नाही' हे एकेकाला कळवताना जीव तुटायचा. दुरुस्ती मागितली तर 'मथळा आमच्या अखत्यारीत येतो' एवढंच उत्तर. वर विभागाच्या अहवालात ती बातमी यश म्हणून नोंदली गेली! अजून राग जात नाही.

म्हणून सांगते, मथळा, उपमथळा, फोटोओळ, समाजमाध्यमांवरच्या पोस्ट, सगळं अंतिम स्वरूपात पाहूनच होकार द्या. आणि हे आधीच मेलवर ठरवून घ्या, फोनवरचं बोलणं नंतर कोणी मान्य करत नाही.

'कोणी घेणार नाही' याला उत्तर आहे. कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी २० आघाडीच्या ब्रिटिश विद्यापीठांची ४६२ प्रसिद्धीपत्रकं तपासली. २०१४ मध्ये तो अभ्यास 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलमध्ये आला. प्राण्यांवरचा निष्कर्ष माणसांना लावण्याची अतिशयोक्ती पत्रकात असेल, तिथे ८६ टक्के बातम्यांत ती उतरली होती. पत्रकात नसेल तिथे फक्त १० टक्क्यांत. आणि फुगवल्यामुळे बातमी जास्त घेतली जाते, याला फारसा पुरावा मिळाला नाही. हा पेपर विभागाला सरळ पाठवून द्या. (अभ्यास निरीक्षणात्मक आहे, त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हेही सोबत लिहा. आपणच ते गाळून कसं चालेल?)

'या प्रयोगातून काय सिद्ध होत नाही' असा छोटा परिच्छेद तुम्हीच लिहून द्या, आणि तो वरच्या भागात ठेवायला सांगा. शेवटी ठेवला की जागेअभावी पहिला तोच कापला जातो. टक्केवारी असेल तर मूळ आकडाही द्या. शंभरात पाचाचे सहा झाले तरी ती 'वीस टक्के वाढ'च असते, आणि वाचणारा उगाच घाबरतो.

माझा अनुभव जीवशास्त्रातला, इतर शाखांत रीत वेगळी असू शकते. सगळेच विभाग असे नसतात, काही ठिकाणी फार मन लावून काम करणारी माणसंही भेटली. पेटंटचा विचार असेल तर काहीही जाहीर करण्याआधी संबंधित कक्षाशी बोला. बऱ्याच देशांत अर्जाआधी माहिती उघड झाली की हक्क जातो. जर्नलने बातमीसाठी तारीख-वेळ ठरवून दिली असेल तर तीही पाळा.

एवढं करूनही मथळा दाखवायला नकार मिळाला, तर माझ्या मते प्रसिद्धीपत्रक नकोच म्हणा. विद्यापीठाचा नियम आड येत नसेल तर स्वतः सहाशे-सातशे शब्दांचा लेख लिहा, शीर्षकातच 'उंदरांमध्ये' घाला आणि पेपरचा दुवा द्या.