पप्पांचं विसरणं, वय की शुगर?

प्रश्न : पप्पा ६८ वर्षांचे, १६ वर्षांपासून शुगर, मेटफॉर्मिन आणि सोबत अजून एक गोळी चालू आहे. बँकेत कॅशियर होते, आकडे तोंडपाठ असायचे. आता लाइट बिल भरलं का हे तीन-तीनदा विचारतात, चहाचं आधण ठेवून विसरतात. आई म्हणते वय झालं. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ७.४ आहे, ६ वर आणली तर फरक पडेल का?

उत्तर : आधी ते सहाचं खूळ डोक्यातून काढा. अमेरिका-कॅनडात ॲकॉर्ड नावाची मोठी ट्रायल झाली, एका गटाची एचबीएवनसी ६ च्या खाली आणायला गेले आणि त्याच गटात मृत्यू जास्त दिसले म्हणून २००८ मध्ये ते थांबवावं लागलं. मेंदूचे निकाल २०११ मध्ये आले, कडक कंट्रोलवाल्यांचा मेंदू थोडा कमी आकसला होता खरा, पण स्मरणशक्तीच्या टेस्टमध्ये फरक शून्य.

पण आईसारखं वयावर ढकलूनही चालणार नाही. शुगर डोळ्याच्या पडद्याचं, किडनीचं जे करते तेच मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचं करते, त्यात बीपी असेल तर बघायलाच नको. मग हिशोब संथ होतो, दोन कामं एकदम जमत नाहीत. आधण विसरणं यातलंच असू शकतं.

तरी शुगरला दोष द्यायच्या आधी व्हिटॅमिन बी १२ तपासा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की ते कमी होतं, त्यात माणूस शाकाहारी असेल तर अजूनच, आणि ते भरून काढता येतं. थायरॉइड आणि कानाला नीट ऐकू येतं का तेही बघून घ्या.

दुसऱ्या गोळीचं नाव तुम्ही लिहिलंच नाही, आणि मला खरी शंका तिचीच आहे. ग्लिमेपिराइडसारखी असेल तर जेवायला उशीर झाला की शुगर पडते, आणि या वयात घाम-थरथर न होता माणूस नुसताच बावचळतो. संकष्टीला सकाळी गोळी घेऊन चंद्रोदयापर्यंत उपाशी राहतात का, विचारा. गोंधळलेले दिसले की तिथल्या तिथे ग्लुकोमीटर लावा, ७० च्या खाली आलं तर लगेच साखरपाणी द्या, आकडा वेळेसकट लिहून डॉक्टरांना दाखवा. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आणि गोळ्यांचा डबा आता आईच्या हातात द्या, लाइट बिल तीनदा विचारणारा माणूस गोळीही दोनदा घेऊ शकतो.